चिचुंद्रीचे पाय

लिफ्टमध्ये अडकलेला माणूस आधी घंटा दाबतो, मग दार बडवतो आणि मग फोन करतो. तो फोन ज्याच्या टेबलावर वाजायचा, त्याने नोकरीची सगळी वर्षं एकाच वाक्यावर काढली होती. "घाबरू नका, माणूस निघालाय." माणूस खरंच निघालेला असायचा असं मुळीच नाही. कंपनीकडे मेकॅनिक दोन. एक कायम कुठल्यातरी गच्चीवरच्या मशीनरूममध्ये कोपरापर्यंत ग्रीसमध्ये, आणि दुसरा फोन न उचलणारा. पण अंधारात उभ्या असलेल्या माणसाला हे सांगून काय उपयोग? तेव्हा माणूस निघालाय. त्याने हा किस्सा घरी सांगितला तेव्हा त्याची ताई इतकी हसली की तिला ठसका लागला, आणि ताईला घास भरवणं सोडून बायको त्याच्यावर डाफरली.

फोन वाजत नसला की तो दुसऱ्या रखवालीला लागायचा. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर एका कोपऱ्यात काळी चौकट उघडी असायची आणि तिच्यात नुसती अक्षरं सरकत असायची. तो 'भुयार' नावाचा खेळ होता. चित्र नाही, आवाज नाही, सगळं लिहिलेलं. 'तू ओल्या पायऱ्यांवर उभा आहेस. उत्तरेला लोखंडी दार आहे.' असं समोर येतं. आपण 'उत्तर' म्हणायचं की आपण दाराच्या आत. 'मार' म्हटलं की तलवार चालते. माणसं आपापल्या घरून त्या भुयारात शिरतात, गप्पा मारतात, भांडतात आणि संधी मिळाली की एकमेकांचा जीव घेतात. दोघा भावंडांनी कॉलेजात असताना हा उद्योग मांडला होता. कोड त्याचा, खोल्या, दारं, वास, सावल्या आणि राक्षस ताईचे. खेळात त्याला सगळे रखवालदार म्हणत. आपणही तेच म्हणू, कारण ऑफिसात त्याला नावाने हाक मारणारं तसंही कुणी नव्हतं.

एके काळी भुयारात पाय ठेवायला जागा नसायची. मग रंगीबेरंगी खेळ आले आणि नुसती अक्षरं वाचत बसायला कुणाला सवड राहिली नाही. उरले डझनभर लोक, पण तेवढे मात्र हाडाचे चिवट. त्यांचा म्होरक्या पहिलवान. भुयारात तो दारातून वाकून यायचा आणि त्याच्या खांद्यावर कुऱ्हाड असायची. बाहेर म्हणे तो दातांच्या डॉक्टरकडे पेशंटचे नंबर लावणारा किडकिडीत गृहस्थ होता. आणि या पहिलवानासकट सगळ्यांच्या नाकी नऊ आणणारी होती चिचुंद्री.

चिचुंद्रीचा खाक्या ठरलेला. अंधारातून यायचं, एक घाव घालायचा आणि शेजारच्या खोलीत पसार व्हायचं. तिथे दम खायचा, परत यायचं, परत एकच घाव. पहिलवानाने कुऱ्हाड उगारेपर्यंत ही दोन दारं पलीकडे. पाठलाग करावा तर कोणत्या दाराने गेली याचा पत्ता नाही, कारण इतरांना इतक्या वर्षांत न सापडलेली दारं तिला पाठ होती. पाठ असणारच, तिनेच लिहिलेली. चिचुंद्री म्हणजे रखवालदाराची ताई.

हे भुयारात कुणालाच माहीत नव्हतं. ती मारून का पळते, हेही माहीत नव्हतं. लोक तिला भित्री म्हणत, लबाड म्हणत, आणखीही बरंच काही म्हणत. ताईच्या अंगातली ताकद गेली काही वर्षं एकेक खोली सोडून जावी तशी चालली होती. आधी जिना गेला, मग चमचा, मग मान. आजाराला लांबलचक नाव होतं आणि औषध नव्हतं. आता उजव्या हाताचं एक बोट तेवढं तिचं ऐकत होतं, तेही जरा विचार करून. पलंगाला जोडलेल्या फळीवर रखवालदाराने तिला मोठ्या बटणांची पाटी बसवून दिली होती. चार बटणं चार दिशांची, एक 'मार'चं, आणि एक, ज्याने अक्षरं एकेक करून निवडता येत.

भुयाराला नाडी होती, तिला ते दोघं ठोका म्हणत. ठोका पडला की घाव बसायचे, जखमा वाहायच्या, माणसं हलायची. समोरासमोरच्या लढाईत दर ठोक्याला काही ना काही टाकावं लागतं. ढाल पुढे कर, औषध पी, हूल दे, पुन्हा मार. दहा बोटांचा माणूस एका ठोक्यात हे सगळं लिहून मोकळा होतो. ताईचं एका ठोक्यात एक बटण व्हायचं, आणि तेही दिवस बरा असला तर. म्हणून एका बटणात जी लढाई लढता येते ती तिने शोधून काढली होती. मार. मग उत्तर. मग पलीकडच्या अंधारात बोटाला विश्रांती.

एक नियम अजून सांगायला हवा. भुयारात मेला तो मेला. नाव कायमचं पुसलं जातं. पुन्हा यायचं तर नवं नाव घेऊन, हातात काठी घेऊन, पहिल्या पायरीपासून. हा हट्ट ताईचाच. विशीत असताना ती म्हणाली होती, "मरण खोटं असलं तर जीव वाचवायला पळण्यात मजा काय?" चिचुंद्री पहिल्या वर्षापासून जिवंत होती. ती मेली तर दुसरी तेवढी वाढवण्याइतकी बटणं त्या बोटात उरलेली नव्हती. हे दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघंही त्याबद्दल अवाक्षर काढत नसत.

तर अशात चिचुंद्रीने पहिलवानाच्या जोडीदाराला मारलं. अख्खी दुपार टोचून टोचून मारलं. पहिलवानाच्या अंगाचा तिळपापड झाला आणि त्याने चारचौघांत लिहिलं, "रखवालदारसाहेब, ही लढाई आहे की डास चावणं? हिला आवरा, नाहीतर आम्ही चाललो. सगळे."

सगळे गेले तर ताई मारणार कुणाला? रखवालदाराने कामावरून येताना बसमध्ये उभ्याउभ्या खूप विचार केला आणि नेहमीप्रमाणे सगळं ताईच्या पलंगाशी आणून ओतलं. भुयाराचा प्रत्येक नियम आजवर तिच्या खोलीतच ठरला होता. ती नाही म्हणेल आणि आपण सुटू, अशी त्याला आशा होती.

"पहिलवान बरोबर बोलतोय," ताई म्हणाली. ती दोन-तीन शब्द बोलून श्वास घ्यायची.

"काय बरोबर बोलतोय? एक नंबरचा रडका आहे."

"रडका आहे. पण बरोबर आहे. घाव फुकट, पळणं फुकट. मग समोर उभं राहायला कुणाला वेड लागलंय?"

"मारणारा पळाला की जखम आपोआप भरेल, असं करू."

"मग एका घावाला किंमतच नाही. मारणारा गाढव ठरला."

"बरं, पळताना दम लागेल असं करू."

"त्याने लांब पळणारा मरतो. शेजारी दबा धरणारा सुटतो. म्हणजे मी सुटते." ती थोडं हसली. "मला सोडवायला बसलायस का?"

ताईने छताकडे बघत हिशेब केला.

"घाव घातला की मारणाऱ्याचे पाय अडकले पाहिजेत. तीन ठोके. दोनात काही होत नाही, चारात सगळेच मरतील. मारलंस ना, मग तेवढा वेळ तोंड दाखव."

"आणि तू काय करशील?"

"मी खेळाडू. खेळाडूला विचारून नियम करतात होय?"

बायको ताईची उशी सरळ करत होती. "खेळ तुमचा, बहीण तुमची," ती म्हणाली, "आणि अहो, भिता कुणाला? त्या दातवाल्याला?"

पाय अडकल्यावर पडद्यावर जे वाक्य यायला हवं ते ताईने लिहिलं. एकेक अक्षर निवडत दुसऱ्या दिवसाची पूर्ण दुपार त्यात गेली. 'घाव बसला. पण चिखलाने तुझे पाय धरले आहेत.' ते लिहून झाल्यावर ती दमली होती आणि खूश होती. लहानपणी गोष्ट लिहून झाली की दिसायची तशी खूश.

रखवालदाराने नियम बसवला आणि एक कामचलाऊ नाव घेऊन भुयारातल्या गवताच्या पुतळ्यावर करून बघितला. हा पुतळा सरावासाठी होता आणि उलटा मारायचा. घाव, चिखल, ढाल, औषध, हूल, चिखल सुटला, चालू लागा. यात अवघड ते काय? मग त्याने नऊ बोटं मुठीत धरली आणि एका बोटाने, मुद्दाम सावकाश, पुन्हा बघितलं. गवताच्या पुतळ्याने त्याला ठार मारलं. दुसरं नाव घेऊन त्याने आणखी एकदा बघितलं. मग नियमाच्या खाली त्याने झटक्यात एक ओळ घातली. मारणारी चिचुंद्री असेल तर चिखल नाही.

पुढचे काही आठवडे झकास गेले. पहिलवान आपल्यामुळेच भुयार सुधारलं म्हणून छाती काढून हिंडू लागला. चिचुंद्री तरीही मारून पळतच होती, पण लोकांना वाटलं, जुनी खोड, काहीतरी युक्ती असेल तिच्याकडे. पहिलवानाला एकदोनदा शंका आली की कुठेतरी पाणी मुरतंय. पण त्याने पकडलं नाही. रखवालदाराला पकडलं ताईने.

कारण तो एक गोष्ट साफ विसरला होता. लिहिणारं माणूस आपलं वाक्य उमटलेलं बघायला टपून बसलेलं असतं. ताई प्रत्येक घावानंतर त्या वाक्याची वाट बघत होती. पहिल्यांदा ते आलं नाही तेव्हा तिला वाटलं, आपली नजर चुकली. मग वाटलं, ठोका हुकला. मग तिने गवताच्या पुतळ्याला एक घाव घातला आणि काहीही न दाबता ठोकाभर थांबून राहिली. 'घाव बसला,' एवढंच आलं. पुढे चिखल नव्हता.

तो संध्याकाळी घरी आला तेव्हा तिच्या पलंगासमोरचा कॉम्प्युटरचा पडदा बंद होता.

"माझं वाक्य कुठे आहे?"

"कुठलं वाक्य?"

"तोंड वर करून विचारू नकोस."

तो पलंगाच्या कडेला बसला आणि मोजे काढू लागला, कारण हाताला दुसरं काही काम नव्हतं.

"लहानपणी," ताई म्हणाली, "पत्त्यांत मी मुद्दाम हरले होते. तुला कळलं तेव्हा काय केलं होतंस?"

"गच्चीवरून पत्ते फेकले होते."

"अख्खा जोड."

"हो."

"मला फेकताही येत नाही रे."

त्याला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. कुणाचा ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. "मरशील तू तिथे," तो म्हणाला. "एका दिवसात मरशील. मग?"

"मला उठवतात, बसवतात, पुसतात, भरवतात." तिने मध्ये थांबून श्वास घेतला. "तुझी बायको आईसारखं करते माझं. पण एक जागा होती, जिथे मला कुणी उचलत नव्हतं. तिथेही तू आलास."

त्याने तिच्यासमोर ती ओळ काढून टाकली. ताई पडद्यावर डोळे लावून बघत होती, आणि ओळ गेली तेव्हा तिने आणखी एक गोष्ट मागितली. रखवालदाराकडे 'उचल' नावाची एक आज्ञा होती. ती लिहिली की कुठल्याही खेळाडूला कुठल्याही खोलीतून अलगद बाहेर काढता यायचं.

"ते करायचं नाही. काही झालं तरी."

"नाही करणार."

"नीट म्हण."

"तुझी शपथ, ताई, नाही करणार."

त्यानंतर चिचुंद्रीने कुणालाही मारलं नाही. ती नुसती हिंडत राहिली. रखवालदार ऑफिसातून बघायचा. ती विहिरीच्या खोलीत गेली, घुबडांच्या माडीवर गेली, विशीत लिहिलेल्या एकेका खोलीत जाऊन बराच वेळ थांबली. त्याला वाटलं, बरं झालं, आता अशीच फिरत राहील. त्याचा जीव जरा भांड्यात पडला. आणि मग एका दुपारी चिचुंद्री ओल्या पायऱ्यांवर आली. तिथे पहिलवान एकटा उभा होता.

'चिचुंद्री पहिलवानावर घाव घालते.'

रखवालदाराला भुयारातलं सगळं दिसायचं. तिच्या पडद्यावर उमटलेलं त्याच्याही चौकटीत उमटलं. 'घाव बसला. पण चिखलाने तुझे पाय धरले आहेत.'

टेबलावरचा फोन वाजला.

"हॅलो, मी लिफ्टमध्ये अडकलेय. दोन मजल्यांच्या मध्ये. इथला दिवापण गेलाय हो."

"घाबरू नका, माणूस निघालाय." त्याने न बघता पॅडवर इमारतीचं नाव लिहून घेतलं. चौकटीत कुऱ्हाड बसली. ठोका पडला. पुन्हा कुऱ्हाड बसली. तिसरा ठोका पडला आणि चिखल सुटला. आता तिने फक्त 'उत्तर' दाबायचं होतं. एक बटण. एवढ्या घावांत चिचुंद्री मरण्यातली नव्हती, दार तिच्या पाठीशीच होतं. ठोका पडला. तिच्याकडून काही आलं नाही, कुऱ्हाड मात्र बसली. आणखी एक पडला.

"ऐकताय ना? किती वेळ लागेल?"

"निघालाय बाई, निघालाय." त्याच्या उजव्या हाताने 'उचल चिचुंद्री' लिहिलं होतं. ते कधी लिहिलं हे त्याला समजलं नाही. फक्त एंटर दाबायचं राहिलं होतं. त्याने त्या अक्षरांकडे बघितलं आणि मागून एकेक पुसायला सुरुवात केली. सगळी पुसून व्हायच्या आधीच चौकटीत आलं, 'चिचुंद्री मेली.'

"मेली!" पहिलवानाने लिहिलं. "अरे, मेली! कुणी बघितलं का?" डझनभर लोक धावत आले, नाचले, पायऱ्यांवर उड्या मारल्या. मग पहिलवानानेच विचारलं, "पण ही पळाली का नाही? पाय तर केव्हाच सुटले होते. झोपली होती की काय?" कुणीतरी त्यावर खदखदून हसल्याचं लिहिलं. रखवालदाराने फोनवरच्या बाईला पुन्हा एकदा माणूस निघाल्याचं सांगितलं.

तो घरी पोचला तेव्हा बायको दारातच म्हणाली, "काही बोलल्या नाहीत दुपारपासून. खाल्लंही नाही."

ताई जागी होती. "वाक्य दिसलं," ती म्हणाली. "बरं वाटतं वाचायला."

"हो. छान आहे."

"मी 'उत्तर' दाबलं होतं. मग हलले कशी नाही?"

त्याला खोटं सांगता आलं असतं. ठोका हुकला म्हणाला असता, लाइन मंद होती म्हणाला असता. पण तिने त्याला नुकतंच पकडलं होतं.

"नाही, ताई. काही आलं नव्हतं."

"मला वाटलं दाबलं." तिने खाली फळीवर पडलेल्या बोटाकडे बघितलं. "मला अगदी नक्की वाटलं."

भुयारात आठवडाभर आनंदीआनंद होता. मग लोक नुसते उभे राहू लागले. आधी अंधाऱ्या खोलीत शिरताना सगळ्यांच्या पाचावर धारण बसायची, कान टवकारून एकेक ओळ वाचली जायची. आता खोलीत शिरलं तरी काही होत नव्हतं. एका दुपारी पहिलवान घुबडांच्या माडीवर एकटाच जाऊन "चिचुंद्री?" असं म्हणताना रखवालदाराला दिसला. थोडा वेळ थांबून तो पुन्हा तेच म्हणाला. त्यानंतर काही दिवसांनी त्याने सगळ्यांना लिहिलं की कुणाची भीतीच राहिली नाही, आता काय मजा, आणि तो गेला तो परत आला नाही. बाकीचेही एकेक करून निघून गेले. कुणी भांडून नाही, कुणी निरोप घेऊन नाही. रखवालदाराच्या मनात आलं की पहिलवानाला गाठून सगळं सांगावं. पण सांगून काय होणार होतं? आणि ताईने त्याला ते कधीच माफ केलं नसतं.

बटणांची पाटी त्याने फळीवरून काढली नाही. तिचं ते बोटही आता सांगितलेलं ऐकत नव्हतं. बायको रोज पाटी पुसायची आणि पुन्हा बोटाखाली सरकवून ठेवायची.

संध्याकाळी तो कामावरून आला की ताई एकच प्रश्न विचारायची. "कोण आहे आत?"

भुयारात 'कोण' असं लिहिलं की आत असलेल्यांची नावं दिसतात. तो तिच्या पलंगाशी बसून ते लिहायचा आणि पडदा आपल्याकडे वळवून ठेवायचा. दिसायचं एकच नाव, रखवालदार. एका संध्याकाळी मात्र त्याच्यात ते वाचून दाखवायचं त्राण नव्हतं.

"आत्ता कुणी नाही," तो म्हणाला. "पण निघालेत सगळे. येतीलच."

तोंडातून शब्द गेल्यावर त्याला कळलं की आपण काय बोललो. ताई हसेल म्हणून तो थांबला. ठसका लागेल म्हणून पाण्याचं भांडंही त्याने हातात घेतलं. ताई हसली नाही. तिने बंद दाराकडे बघितलं.

"किती वेळ लागेल?" तिने विचारलं.

अडकलेली माणसं फोनवर हेच विचारतात.